मुलगी होस्टेलला ठेवताना : पंडिता रमाबाईंच्या घराची गोष्ट

आम्ही रामवाडीच्या बचत गटातल्या बाया. आज गटाच्या वतीनं तुमच्याशी बोलायला बसलोय. एरवी आपण इथं कर्ज, पापड, पाणी, रेशन यावर बोलतो. आज जरा जुन्या काळात जाऊ या. झालं असं, की आजचाच एक प्रश्न आमच्यापुढे आला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही सव्वाशे वर्षं मागे जाऊन पोहोचलो.

गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम जोरात सुरू होतं, म्हणून गटाची बैठक रात्री जेवणं उरकून ठेवली होती. हप्त्यांचा हिशेब झाला, वही मिटली, तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली, "पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय." आम्ही टाळ्या वाजवल्या. पण तिचा चेहरा काही खुलेना. कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं. मुलींनी राहायचं तिथल्याच आवारात, सिस्टरांच्या देखरेखीखाली. घरात सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "पोरगी बाटेल. पाठवू नका." नवऱ्याचं म्हणणं, दुसरं कॉलेज बघू. आणि फी भरायला आठ दिवस उरलेले.

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाली, "माझ्या भाचीनं सिस्टरांकडेच राहून शिक्षण केलं, आज सरकारी दवाखान्यात आहे. गळ्यात मंगळसूत्र आहे, घरात गणपती बसतो." दुसरी म्हणाली, "सगळ्याच मुली तशा नसतात. लांब राहिल्या की बदलतात." एकीला भलतीच काळजी, "तिथं खाणार काय?" रात्रीचे अकरा वाजले, निर्णय काही झाला नाही. मग आम्ही ठरवलं, की आपल्या आधी ज्या बाया अशा घरात राहिल्या त्यांचं काय झालं ते तरी बघू. दोघींनी वाचनालयातून पुस्तकं आणली, शाळेतल्या बाईंना विचारलं. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगतोय.

दुसऱ्याच्या घरात राहिलेली बाई

पंडिता रमाबाईंचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला आणि मग मुलीला संस्कृत शिकवलं. त्या काळात हे म्हणजे मोठंच धाडस. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर फिरायचं. पुढे दुष्काळ पडला आणि आईवडील, थोरली बहीण अन्नावाचून गेली. उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ. दोघं चालत चालत कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या बाईचं संस्कृत ऐकून तिला 'पंडिता' म्हटलं. पुढे भाऊ गेला. रमाबाईंनी एका बंगाली वकिलाशी लग्न केलं, जातीबाहेर. मनोरमा नावाची मुलगी झाली आणि 1882 साली नवराही गेला. वय तेवीस-चोवीस, पदरात तान्ही पोर.

त्या पुण्याला आल्या. 1882 सालीच आर्य महिला समाज काढला. सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला होता, त्याच्यापुढे साक्ष दिली. बायकांना शिक्षिका हव्यात, बायकांना बाई डॉक्टर हव्यात, हे त्यांनी तिथं ठासून सांगितलं. स्वतःलाही डॉक्टर व्हायचं होतं. पुस्तक लिहून प्रवासाचे पैसे उभे केले आणि 1883 साली मुलीला घेऊन बोटीनं इंग्लंडला गेल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण होती.

तिथं त्या राहिल्या वाँटेज नावाच्या गावात, ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात. आता बघा, आमच्या मैत्रिणीच्या मुलीपुढे जो प्रश्न, तोच रमाबाईंपुढे. परकं गाव, परकी भाषा, परक्या धर्माचं घर, आणि खाणंपिणं, शिकणं सगळं त्या घराच्या उपकारावर.

ही गोष्ट गोड नाही, ते आधीच सांगतो. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगतांनी पोहोचल्यावर काही महिन्यांतच तिथं आपला जीव संपवला. रमाबाईंना केवढा धक्का बसला असेल! आम्ही हे वाचलं तेव्हा बैठकीत कोणी काही बोललं नाही. घरापासून लांब गेलेल्या बाईचं मन काय होतं, हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं आणि आजही फार कमी वेळा विचारलं जातं.

रमाबाईंनी त्याच वर्षी सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला. त्या ख्रिस्ती झाल्या. पुण्यात गदारोळ झाला. डॉक्टरकीचं स्वप्न मात्र राहिलं, कारण त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. मग त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथं स्वतः शिकायच्या आणि संस्कृत शिकवायच्याही.

लोकांना वाटलं, बाई बाटली, आता ती सिस्टर सांगतील तसं वागणार. झालं उलटंच. रमाबाई आणि मठातल्या सिस्टर यांच्यात पत्रांतून मोठा वाद चालू राहिला, आणि ती पत्रं आज छापलेली आहेत. वाद कशाकशावरून? पहिला, ताटावरून. रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावरही मांसाहार केला नाही. सिस्टरांना त्यात जातीचा अभिमान दिसायचा. रमाबाईंचं म्हणणं, माझा विश्वास वेगळा आणि माझं ताट वेगळं. दुसरा वाद गळ्यातल्या क्रूसावरून. त्याच्यावर लॅटिन भाषेतली अक्षरं होती. रमाबाई म्हणाल्या, अक्षरं संस्कृतात का नकोत? लॅटिन देवाला जास्त जवळची आहे का? तिसरा वाद, मनोरमेला कुणी काय शिकवायचं. सिस्टर तिचं प्रेमानं करत होत्या, पण रमाबाईंनी बजावलं, की आई मी आहे. चौथा वाद तर आपल्याला हसू येईल असा. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचं काम त्यांच्यापुढे आलं, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचं नाव खराब होईल म्हणे! ज्या बाईनं कलकत्त्यात शास्त्रीपंडितांपुढे भाषणं केली तिला हे सांगायचं!

या वादांत कोण बरोबर, हा आपला विषय नाही. आपल्याला यातून एवढं दिसतं, की धर्म स्वतःच्या इच्छेनं बदललेली बाईसुद्धा आपलं जेवण, आपली भाषा, आपलं मूल आणि आपलं काम दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नव्हती. आणि घर चालवणारी माणसं मायाळू असली, तरी राहणाऱ्या बाईला रोज थोडं थोडं भांडावं लागतं. रमाबाईंनी हे सगळं सोसलं, लक्षात ठेवलं, आणि स्वतः घर काढायची वेळ आली तेव्हा त्याचे नियम केले.

अमेरिकेतली आनंदी

त्याच वर्षांत महाराष्ट्राची आणखी एक मुलगी परदेशात शिकत होती. आनंदीबाई जोशी. तिच्यावर मालिका आली, सिनेमा आला, म्हणून आपल्याला ती जास्त माहीत. अमेरिकेत फिलाडेल्फियाला बायकांचं वैद्यकीय कॉलेज होतं, तिथं ती 1883 ते 1886 शिकली. जायच्या आधी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात तिनं भाषण केलं आणि सगळ्यांना सांगितलं, की मी हिंदू म्हणून जाते आहे आणि हिंदू म्हणूनच परत येईन. गंमत म्हणजे श्रीरामपूरचं ते कॉलेज मिशनऱ्यांनी काढलेलं. म्हणजे ख्रिस्ती कॉलेजच्याच मंचावरून ही सतरा वर्षांची मुलगी आपलं म्हणणं मांडत होती, आणि लोक ऐकून घेत होते.

तिनं शब्द पाळला. साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. पण तिथली थंडी आणि खाण्याचे हाल तिच्या अंगाला सोसले नाहीत. डॉक्टर होऊन परत आली ती आजार घेऊनच. 1887 साली, बावीस वर्षांची व्हायच्या आधीच, ती गेली. मुलगी कुठल्या धर्माची राहिली याची चर्चा तेव्हा खूप झाली. तिला ऊब मिळाली का, पोटाला नीट मिळालं का, हे विचारणारे थोडे होते. त्या थोड्यांत कॉलेजच्या डीन रेचल बॉडली होत्या. त्यांनी आनंदीला मायेनं सांभाळलं. आनंदीच्या पदवीदान समारंभाला इंग्लंडहून रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. तारीख होती 11 मार्च 1886. ही तारीख लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

शारदा सदन : नियम कुणी केले?

रमाबाई अमेरिकेत राहिल्या, गावोगाव बोलल्या. आपल्याकडच्या बालविधवांचे हाल सांगणारं इंग्रजी पुस्तक 1887 साली काढलं. ते वाचून तिथल्या लोकांनी बॉस्टन शहरात रमाबाई असोसिएशन स्थापन केली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं.

रमाबाई परत आल्या आणि मुंबईत शारदा सदन सुरू केलं. दिवस कुठला? 11 मार्च 1889. आनंदी डॉक्टर झाली त्याला बरोबर तीन वर्षं झाली होती.

शारदा सदन म्हणजे शाळा आणि राहायचं घर एकत्र. त्या काळात बालविधवेचं आयुष्य कसं होतं ते आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलंय. लाल आलवण, डोक्यावर वस्तरा, एक वेळचं जेवण, स्वयंपाकघराच्या मागचा कोपरा. अशा मुलीला कुणी म्हणालं, की ये, इथं रहा, पोटभर जेव, शीक आणि पुढे स्वतःच्या पायावर उभी रहा, तर ते केवढं वाटत असेल!

पण चालवणारी बाई ख्रिस्ती आणि पैसा परदेशातल्या ख्रिस्ती लोकांचा. मग घरचे मुलीला पाठवणार कसे? इथं रमाबाईंनी वाँटेजमध्ये सोसलेलं कामी आलं. सदनात धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं. मुलींनी आपापले उपास-तापास, पूजाअर्चा करावी. ब्राह्मण मुलींचा स्वयंपाक त्यांच्या रीतीनं वेगळा व्हावा. कपाटात धर्मग्रंथ दोन्हीकडचे ठेवावेत, ज्यांना वाचायचे त्यांनी वाचावेत. देखरेखीला न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी हिंदू माणसं सल्लागार म्हणून घेतली. म्हणजे रमाबाईंना स्वतःच्या ताटासाठी सिस्टरांशी जे भांडावं लागलं, ते आपल्या मुलींना भांडावं लागू नये अशी व्यवस्था त्यांनी आधीच केली. 1890 च्या अखेरीस सदन पुण्याला आलं आणि मुली वाढत गेल्या.

सुरुवातीच्या मुलींपैकी एक होत्या गोदूबाई. आपल्या कोकणातल्याच, देवरुखच्या. आठव्या वर्षी विधवा झाल्या, सासरी राबून राबून तरुणपण चाललं होतं. त्यांचा भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होता, त्यानं बहिणीला शारदा सदनात आणून ठेवलं. त्या काळी कोकणातून मुंबई गाठायची म्हणजे बोटीचा प्रवास. आपल्या पेणची माणसंसुद्धा धरमतरहून बोटीनंच जायची. विशी उलटलेली बाई, अक्षर ओळखत नाही, बोटीतून उतरते आणि पहिल्यांदा पाटी हातात घेते. आमच्यातल्या ज्या बाया साक्षरता वर्गात सही शिकल्या, त्यांना हे सांगायला नको. पहिली सही करताना हात कसा थरथरतो ते त्यांनाच ठाऊक.

1893 : दार बंद झालं

मग वाद पेटला. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या. खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. बाहेर बातमी गेली, की सदनात मुलींना ख्रिस्ती करतात. 'केसरी'नं झोड उठवली. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कुणाला बोलावत नाही, पण माझी प्रार्थना मी दार लावून चोरून करणार नाही, आणि येणाऱ्या मुलीला हाकलणारही नाही. सल्लागारांचं म्हणणं असं, की लहान वयाच्या मुली, सगळं ज्यांच्या आधारावर चाललंय त्या बाईच्या प्रार्थनेला बसल्या, तर त्याला मोकळीक म्हणायचं का? 1893 साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि ते वर्तमानपत्रांत जाहीर केले. घरच्यांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

आमच्या बैठकीत यावर खूप वेळ वाद झाला. एक म्हणाली, "रमाबाईंनी दार लावायला हवं होतं. शब्द दिला होता ना!" दुसरी म्हणाली, "स्वतःच्या घरात देवाचं नाव घ्यायला दार कशाला लावायचं?" तिसरी, वयानं मोठी, आतापर्यंत गप्प बसलेली, म्हणाली, "ते राहू दे. ज्या पोरींना काढून नेलं त्यांचं काय झालं?"

खरंच, काय झालं? पुस्तकांतून रानड्यांचं काय झालं, टिळकांचं काय झालं, रमाबाईंचं काय झालं ते मिळतं. त्या वीस-पंचवीस मुली ज्या घरांतून आल्या होत्या त्याच घरांत परत गेल्या. पाटी सुटली. भांडण मोठ्या माणसांचं झालं आणि त्याची किंमत मुलींनी दिली. घरच्यांची भीती अगदीच खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. पुढच्या वर्षांत सदनातल्या काही मुलींनी खरंच बाप्तिस्मा घेतला. पण तिथून मुलीला काढून न्यायचं, तर दुसरीकडे शिकायला कुठं ठेवायचं, याचं उत्तर काढून नेणाऱ्यांपैकी फार थोड्यांकडे होतं.

गोदूबाईंचं पुढे काय झालं

गोदूबाईंची गोष्ट इथं वेगळी वळते. त्यांच्या भावाचे मित्र धोंडो केशव कर्वे, आपल्या कोकणातल्या मुरूडचे. त्यांची पहिली बायको वारली होती. लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं. लग्न झालं तेही 11 मार्चला, शारदा सदनाच्या वाढदिवशी, 1893 साली. ज्या वर्षी सदनातून मुली काढून नेल्या, त्याच वर्षी सदनातली एक मुलगी लग्न करून नवं आयुष्य सुरू करत होती. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, सगळ्यांच्या 'बाया'. मुरूडच्या लोकांनी या जोडप्यावर बहिष्कार टाकला.

कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला, तो 1900 साली पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. सुरुवातीला एक झोपडी. आश्रमासाठी बाया गावोगाव फिरून वर्गणी मागायच्या. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, त्यांनी आश्रमाच्या पैशासाठी थेट अमेरिका गाठली. 1916 साली याच कामातून देशातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. आज आपण त्याला एसएनडीटी म्हणतो. आपल्या ओळखीतल्या कितीतरी मुलींनी तिथून पदवी घेतलीय.

आता दोरा ओढून बघा. एका ख्रिस्ती बाईच्या घरात एक हिंदू विधवा राहायला आली, शिकली. आपला धर्म आपल्याजवळ ठेवून बाहेर पडली. तिच्या घरातून बायकांचं विद्यापीठ निघालं. गोदूबाईंच्या भावानं 1889 साली "पोरगी बाटेल" म्हणून तिला बोटीत बसवलंच नसतं, तर?

केडगाव : आपल्यासारख्यांसाठी उघडलेलं दार

एक गोष्ट आम्हाला खटकली, तीही बोलतो. शारदा सदन मुख्यतः वरच्या जातीतल्या विधवांचं होतं. सोवळ्याची चूल वेगळी ठेवायची म्हटल्यावर कातकरी, ठाकर, महार, कुणबी मुलगी तिथं कुठल्या चुलीवर जेवणार? आपल्यातल्या बहुतेक जणींच्या पणज्यांना त्या घरात जागा नव्हती.

ते दार दुष्काळात उघडलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसं किड्यामुंगीसारखी मेली. रमाबाईंनी लहानपणी स्वतः भूक पाहिली होती, आईबाप भुकेनं जाताना पाहिले होते. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, म्हणून या मुलींना दौंड तालुक्यातल्या केडगावला नेलं. तिथं रमाबाईंनी शेतीसाठी जमीन घेऊन ठेवली होती. आधी मांडव, मग इमारती, विहिरी, शेती, बाग. त्याचं नाव मुक्ती. 1900 च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी मुली आल्या. माणसं सुमारे दोन हजार झाली. दोन हजार माणसांचा स्वयंपाक रोज दोन वेळा! आपल्याला हळदीकुंकवाच्या दोनशे बायांचा चहा करताना नाकी नऊ येतात.

इथं जात पाहिली नाही. शेती, विणकाम, दूध, छापखाना, सगळी कामं बायकाच करायच्या. छापखान्यात खिळे जुळवायलाही बायका. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची लिपी शिकवली. हे सगळं आपल्या बचत गटांच्या कितीतरी आधी.

पण केडगावचं मुक्ती हे उघड ख्रिस्ती घर होतं, ते शारदा सदनासारखं नव्हतं. बॉस्टनच्या लोकांशी केलेला दहा वर्षांचा करार संपत आला होता आणि रमाबाईंनी आता प्रार्थना मधोमध आणली. तिथल्या असंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. ज्या मुलीला आईबाप नाहीत, घर नाही, परत जायला गाव नाही, तिनं धर्म निवडला असं म्हणायचं का, हा प्रश्न आम्हाला पडला. त्याचबरोबर दुसराही पडला. ती मुलगी रस्त्यावर मरत होती तेव्हा तिच्या स्वतःच्या धर्माची, जातीची माणसं कुठं होती? दोन्ही प्रश्न खरे आहेत. एक विचारून दुसरा दडपायचा नाही, एवढं आम्ही ठरवलं.

रमाबाई 1922 साली केडगावलाच वारल्या. मुक्ती आजही तिथं आहे.

चूल बदलते तेव्हा

आणखी एका बाईची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लक्ष्मीबाई टिळक. नवरा, कवी नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि मग नवऱ्याकडे नगरला मिशनच्या वस्तीत राहायला गेल्या. पण आपला स्वयंपाक वेगळा, सोवळं वेगळं. आवारात सगळे ख्रिस्ती, आणि मधे या बाईची एक वेगळी चूल. कुणी जबरदस्ती केली नाही. हळूहळू त्यांनाच प्रश्न पडत गेले, की माणसाच्या हातचं पाणी का चालू नये? 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचारानं. पुढे टिळक गेल्यावर काही काळ त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर मेट्रन म्हणून काम केलं. त्यांचं 'स्मृतिचित्रे' मिळालं तर गटात मोठ्यानं वाचा. शाळेत फारशी न गेलेली बाई किती हसवत हसवत खरं बोलते ते कळेल.

रमाबाई, आनंदीबाई, गोदूबाई, लक्ष्मीबाई. चौघी ख्रिस्ती माणसांच्या आवारात राहिल्या. दोघी ख्रिस्ती झाल्या, दोघी नाही झाल्या. चौघींनी आपलं डोकं आपल्याच खांद्यावर ठेवलं. धर्म टिकणं किंवा बदलणं हे त्या घराच्या भिंतींवर जेवढं अवलंबून होतं, त्याहून जास्त मुलीचं वय, तिचं शिक्षण, तिला परत यायला घर आहे की नाही आणि "नको" म्हणायची तिला सोय आहे की नाही, यावर होतं. आमच्या वाचनातून आमच्या हाती लागलं ते एवढंच.

आणि आमची मुलगी

हे सगळं बोलून झाल्यावर आम्ही मैत्रिणीला म्हटलं, चल, ते होस्टेल बघून येऊ. रामवाडीच्या स्टँडवरून पहाटेची एसटी पकडली. मुलगी, तिची आई आणि आम्ही दोघी. फीबद्दल नंतर विचारू म्हटलं, आधी रमाबाईंचे प्रश्न काढले. प्रार्थनेला यायलाच लागतं का? इच्छा असेल तिनं यावं, असं उत्तर मिळालं. जेवण? शाकाहारी, मांसाहारी दोन्ही, आणि उपास असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. घरी फोन? रोज, ठरलेल्या वेळेला. मुलीला काही त्रास झाला, मन लागेना, तर कुणाशी बोलायचं? यावर सिस्टर जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "माझ्याशी." आमच्या मैत्रिणीनं लगेच विचारलं, "आणि त्रास तुमच्याकडूनच असला तर?" सिस्टर हसल्या, पण आम्ही उत्तर मिळेपर्यंत उठलो नाही. शेवटी कॉलेजच्या प्राचार्यांचा आणि तक्रार समितीतल्या बाईंचा नंबर लिहून घेतला. एका गोष्टीवर मात्र आमचं जमलं नाही. गौरी-गणपतीची सुट्टी दोनच दिवस. पेणच्या मुलीला गणपतीत दोन दिवस! ते भांडण अजून चालू आहे.

परत येताना एसटीत मुलगी खिडकीशी बसली होती. आईनं विचारलं, "काय गं, जाशील?" ती म्हणाली, "जाईन. पण बाटेन की नाही हे आजीला मी येऊन सांगेन, तुम्ही सांगू नका." आजीला घरी आल्यावर हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "पापड दे तिला बरोबर. तिथल्या पोरींनाही खाऊ दे."

फी भरली. मुलगी गेली. गौरीला येईल तेव्हा आम्ही तिला गटात बोलावणार आहोत. तिथं काय खाते, कुणाशी बोलते, रात्री झोप लागते का, हे सगळं विचारणार आहोत. धर्माचं ती स्वतः सांगेल तेवढंच ऐकू.

तुमच्या बैठकीत बोलायला

1. तुमच्या गावातली कुठली मुलगी होस्टेलला राहते? तिला भेटायला शेवटचं कोण, कधी गेलं होतं?

2. मुलीला बाहेर ठेवताना आपण काय काय विचारतो? "मन लागेना तर कुणाशी बोलशील?" हा प्रश्न त्यात असतो का?

3. 1893 साली काढून नेलेल्या मुलींच्या जागी तुम्ही असता, तर घरच्यांना काय सांगितलं असतं?

4. होस्टेल कुणाचंही असो, सरकारी, ख्रिस्ती, हिंदू की मुस्लीम. कुठल्या चार गोष्टी कबूल केल्याशिवाय आपण मुलगी ठेवणार नाही? त्या चार गोष्टी गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या मुलीच्या वेळी उपयोगी पडतील.